अडीच

पहाटेचे साडेसहा. लिएपायाचा वारा
खिडकीच्या फटीत शिट्टी घालतो
आणि स्काइद्रीते ओट्यापाशी उभी राहून
तिसऱ्यांदा चष्मा पुसते.
सदतीस वर्षं कारखान्यात तिनं मासे रचले,
याचं डोकं, त्याची शेपटी, तेल, झाकण,
तेव्हा एक बोट हललं नाही.
आज हलतंय.

रुपुत्सिस पाणी पितोय. अजून पितोय.
रुपुत्सिस म्हणजे तिकडे बेडूक.
हा आहे बोका, राखी रंगाचा,
उन्हाळ्यात सहा किलोचा, आता जेमतेम चार.
मागच्या पायांच्या टाचा टेकवत चालतो,
सपाता घासत जाणाऱ्या म्हाताऱ्यासारखा.

गेल्या मंगळवारी ती दवाखान्यात गेली
तेव्हा एका हातात बोका होता, दुसऱ्यात पिशवी.
पिशवीत तालिवाल्दिसची औषधाची बाटली,
फ्रिजच्या दारात तीन हिवाळे उभी,
अर्धी भरलेली.
"वाया कशाला घालवायची? तोच रोग, तेच औषध.
फक्त सुई तुमची द्या, मांजराची."

डॉक्टर डागनिया हसली नाही.
बाटली उजेडात धरली, तारीख वाचली, बाजूला ठेवली.
मग टेबलावर दोन सिरिंजा शेजारी शेजारी मांडल्या,
नारिंगी टोपीची, लाल टोपीची.
"ही शंभराची. ही चाळीसची.
शंभराचं औषध चाळीसच्या सुईत भरलंत,
तर एक रेघ म्हणजे एक नाही. अडीच."
आणि मग जरा हळू,
"चार किलोचा जीव आहे, बाई."

अडीच.
ट्राममध्ये ती हा शब्द तोंडात घोळवत राहिली,
काटा लागला की नाही ते जिभेनं चाचपावं तसा.

आता वहीतलं पहिलं पान:
कानाच्या कडेला टोचायचं, थेंब मोजायचा,
आकडा लिहायचा.
आधी खाणं. खाल्लं नाही तर सुई नाही,
फोन करायचा.
एकच रेघ. सकाळी एक, संध्याकाळी एक,
मध्ये बारा तास.
आकडा मोठा दिसला म्हणून रेघ वाढवायची नाही,
ते ठरवणार डागनिया, आठवड्यानं, फोनवर.
घाई करायची नाही,
हे तिनं दोनदा लिहिलंय. दुसऱ्यांदा मोठ्या अक्षरात.

रुपुत्सिस वाटी चाटून पुसतो.
ती खांद्यामागची कातडी चिमटीत धरते,
तंबू उभा राहतो, सुई आत जाते.
बोका मान वळवतो, एवढंच.
पण बोटाला ओल लागते.
गेलं की सांडलं?
ती केस हुंगते. औषधाचा तोच जुना वास,
स्वयंपाकघरात सतरा वर्षं राहिलेला.
हात पुन्हा बाटलीकडे जातो
आणि वाटेत थांबतो.
डागनियानं पानाच्या तळाशी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय:
शंका आली तर पुन्हा टोचू नका.
कमी पडलं तर संध्याकाळ आहे.
जास्त झालं, तर मला संध्याकाळचं वचन देता येणार नाही.

मग दिवसभर ती त्याच्यापासून हलत नाही.
लोकरीचा गुंडा मांडीवर, सुया चालू नाहीत.
मधाची बाटली टेबलावर, झाकण सैल करून ठेवलेलं:
तो डुलला, झिंगला, पाय दुमडून पडला,
तर हिरड्यांना चोळायचा आणि तशीच धावायची.
दहा वाजता तो झोपतो. तिला वाटतं, झोप की...
हाक मारते. एक कान हलतो.
बाराला पुन्हा हाक. पुन्हा कान.
दोन वाजता तो डोळे उघडून असा बघतो तिच्याकडे,
की ती लाजते.

संध्याकाळी साडेसहाला
कपाटावरचं घड्याळ किरकिरतं.
गजर तालिवाल्दिसनं लावलेला, स्वतःच्या सुईसाठी.
तीन वर्षं रोज वाजला,
रोज ती उठून बंद करत आली, म्हणत आली,
कशाला हा अजून.

रुपुत्सिस मान वर करतो,
उतरतो, टाचा टेकवत वाटीपाशी जातो,
उशीर झाल्यासारखा ओरडतो.
"आले," ती म्हणते,
आणि लाल टोपी काढते.